पहिला पाहुणा

ड्युनेडिन शहरातल्या एका शाळेत, विशेष मुलांच्या वर्गावर मोराग एका दिवसापुरती बदली शिक्षिका म्हणून आली, तर वर्गातली टुई दार अडवून उभी. नवं माणूस दिसलं की या पोरीचा जीव खालीवर व्हायचा. मोरागने आपल्या स्कॉटलंडच्या गोष्टी सांगताना मुलांना दाखवायला आणलेला कोळसा पिशवीतून काढला. “आमच्यात नव्या वर्षाचा पहिला पाहुणा कोळसा घेऊन येतो, घर उबदार राहावं म्हणून. मग त्याला कुणी अडवत नाही.”

टुईने कोळसा हुंगला आणि ती बाजूला झाली. दिवसभर तो तिच्या मुठीतच होता.

शाळा सुटताना तिने काळाकुट्ट हात पुढे केला. “बाई, उद्या लागेल तुम्हाला.”

“उद्या मी नाही गं. दुसऱ्या बाई येतील.”

टुई बराच वेळ येरझारा घालत राहिली. मग तिने कोळसा दाराबाहेर, उंबऱ्यापाशी ठेवला.

“त्या रिकाम्या हाताने आल्या तर?”