दारातला शेवगा

मे महिन्याचा शेवटचा रविवार. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेतकरी बाजार भरला होता आणि अध्यक्षा गुप्तेबाई शेवग्याच्या पाल्याची जुडी नाकाशी धरून उभ्या होत्या.

“हा खरा गावचा वास! शहरातल्या भाजीला येतो का असा?” त्यांनी मला दम दिल्यासारखं विचारलं. मी सेक्रेटरी, मान डोलवणं हे माझं काम. बाईंनी चांगली पिशवीभर जुड्या घेतल्या, विकणाऱ्या दादांबरोबर फोटो काढला आणि ‘थेट शेतातून’ असं लिहून ग्रुपवर टाकलासुद्धा. गुडघेदुखी, शुगर, केसगळती, सगळ्यांवर हा पाला रामबाण असल्याचं रांगेतल्या बायकांना ऐकवून झालं.

“दादा, शेत कुठं तुमचं?” बाईंनी विचारलं.

“सासवडकडं. पण तिथं शेवगा नाही,” दादा पिशवी बांधत म्हणाले. “हा तुमच्याच गेटवरचा. सकाळी झाड पाडलंत ना? वॉचमन म्हणाला, फांद्या उचलून न्या, तेवढीच साफसफाई.”

झाड पाडायचा ठराव बाईंचाच होता. दारात शेवगा अशुभ, शिवाय गाड्यांवर कचरा पडतो.

मला वाटलं, आता तरी बाई ओशाळतील.

बाईंनी जुडी पुन्हा एकदा हुंगली.

“पुढच्या रविवारी नक्की या हं, दादा,” त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. “मागच्या गेटवरचा शेवगा उद्या नको, शनिवारी पाडून घ्या. पाला ताजा हवा.”