न काढलेला केर

आयुष्यभर दुसऱ्याचं वाक्य तोंडातून हिसकावून घेणाऱ्या प्रमिलाबाई, मेल्यावर कॉम्प्युटरमध्ये उतरल्या तरी तशाच होत्या. आताशा मात्र त्यांना एकेका शब्दाला पाच मिनिटं लागत. मशीन तपासायला आलेल्या केतकीला मेमरी काठोकाठ भरलेली दिसली.

"आजोबा, नको ते मेमरीतून झाडून टाकायचं काम आजींचं मनच करतं. ते दसऱ्यापासून बंद आहे. आठवड्याभरात आजी कायमच्या गोठतील. दसऱ्याला काय झालं होतं?"

रघुवीरराव टिपणीसांनी तिला बायकोच्या पडद्यापासून दूर नेऊन सगळं सांगितलं. दसऱ्याला त्यांचा मुलगा श्रीरंग चंद्रावरच्या खाणीत कामाला निघाला होता. घरचं माणूस प्रवासाला निघालं, की ते पोचल्याचा निरोप येईपर्यंत प्रमिलाबाईंनी उभ्या जन्मात केर काढला नव्हता. श्रीरंगचं यान वाटेतच जळालं, आणि ते बायकोला सांगायचं धाडस रघुवीररावांना झालं नव्हतं.

"मग पोचला म्हणून सांगा. एका शब्दाचं काम."

"पोरी, बायकोला मी हजार थापा मारल्या आणि हजार वेळा पकडला गेलो. ही थाप पचली, तर ती जन्मभर त्याच्या फोनची वाट बघेल."

ते खुर्ची ओढून पडद्याशी बसले.

"अगं, आपला श्रीरंग पोचला नाही. वाटेतच गेला. दसऱ्यालाच."

आता कुठल्या निरोपाची वाट बघायची नव्हती. मग भरलेली मेमरी हळूहळू उतरू लागली, आणि प्रमिलाबाई पूर्वीसारख्या सलग बोलल्या.

"अहो, म्हणजे दहा महिने तुम्ही एकटेच रडत होतात? कुठे?"

"न्हाणीघरात," रघुवीरराव म्हणाले. "नळ सोडून."