विवराकाठचे कांदेपोहे

पोह्यांच्या बशा रिकाम्या झाल्या आणि ऋजुताच्या मामांनी सवयीप्रमाणे सरोवरातच हात धुतले. पाणी तत्काळ केशरी झाले.

"मामांना पोहे पसंत आहेत," ऋजुता म्हणाली, तशी दोन्हीकडची मंडळी हसली.

स्पर्शातून माणसाचे मन ओळखणारे शेवाळ या निजलेल्या ज्वालामुखीच्या विवरातल्या सरोवरात सोडल्यापासून लग्नाची स्थळे इथेच पाहिली जात. केशरी म्हणजे आनंद, हिरवा म्हणजे नकार, जांभळा म्हणजे भीती.

शौनकला ऋजुता पाहताक्षणीच आवडली होती, पण बोलणे त्याला कधीच साधले नव्हते. आपल्या वतीने पाणी बोलेल, एवढ्याच आशेने त्याने हात बुडवला. पाणी संध्याकाळच्या आभाळासारखे गर्द जांभळे झाले.

"मुलगा घाबरट दिसतोय. चला, निघू या," ऋजुताचे वडील उठत म्हणाले.

शौनकने हात बाहेर काढला नाही. "घाबरलोय खरा," तो हळूच तिला म्हणाला. "तुम्ही नाही म्हणाल म्हणून."

ऋजुताने त्याच्या शेजारी बसून आपला हात पाण्यात सोडला. तिच्या बोटांभोवतीही तसाच गर्द जांभळा रंग पसरत गेला.

"बाबा, बसा खाली," ती म्हणाली. "याच भीतीनं मी सकाळपासून पाण्याला हात लावला नाहीये."