मधलं बटण
आई गेली त्याच्या आदल्या दुपारी तिने शिलाई मशीन थांबवून विचारलं, “तू बनवतेस त्या नेटवर्कला मुख्य कॉम्प्युटरच नाही?” मी तिच्या डब्यातली बटणं मांडून प्रत्येक बटण दोऱ्याने आणखी तीन बटणांशी जोडलं. “प्रत्येक कॉम्प्युटरकडे शेजाऱ्यांचे पत्ते असतात. कुठलाही काढ, बाकीचे बोलत राहतात.” तिने मधलं काळं बटण कापून काढलं. जाळं टिकलं. “शहाणे, मधलं कुणी नको म्हणतेस, दादाची खुशाली मात्र मला विचारतेस! तोही तसलाच.” दादाचा आणि माझा अबोला जुना होता. अंत्यविधीनंतर तो मावशीला म्हणाला, “तिला विचार, चहा घेणार का.” मीही मावशीलाच “हो” म्हटलं. मावशी घरी गेल्यावर आम्ही दोघेच उरलो. तो मशीनपाशी बसला. जाळं तिथेच पडलं होतं. मी काळं बटण त्याच्या हातावर ठेवलं. “दादा, तू कसा आहेस?”