यादीतलं पहिलं नाव

“बोला लवकर, पहिला कोण?” लॅपटॉपवरून मान वर न करता सैकालने विचारलं. “एकदा यादी लागली की कुरकुर चालणार नाही. वरच्याचं भागलं की मग खालच्याला.”

“म्हणजे नळावरची रांगच की,” बुरूलवहिनी म्हणाली. “मग मी शेवटीच. सवयच आहे मेली!”

खिडकीत नवा राऊटर लुकलुकत होता, आणि नेट आधी कुणाच्या फोनला द्यायचं त्याची यादी सैकाल त्यात भरत होती. तिच्या वडिलांनी, सुयुनबेकबाबांनी, तो कालच बाजारातून आणला होता. जुन्यावर घरात रोज भांडणं. बाबांच्या घोड्यांवरच्या खेळाच्या मॅचमध्ये स्वार बोकड गोलच्या खड्ड्यात टाकणार तेवढ्यात चित्र गोठायचं. तालांतदादाच्या टॅक्सीची गिऱ्हाइकं दुसऱ्याकडे पळायची. वहिनीचा शिवणाचा व्हिडिओ बाहीपाशीच थांबायचा. नारीन गावातल्या त्या घरात या खोक्यातलं कळणारी एकटी सैकाल. लग्नाआधी राजधानीत, बिश्केकला, तीन वर्षं हेच काम केलं होतं तिने.

बारा दिवसांपूर्वी ती एक पिशवी घेऊन माहेरी आली होती. दंडावर चार बोटं निळी उमटलेली. बाबांनी बाही वर करून पाहिलं, खाली केली, आणि तिला दारासमोरच्या भिंतीशी, मानाच्या जागेवर नेऊन बसवलं. तेव्हापासून नुसते लाड चालले होते. झोपायला ठेवणीतल्या गाद्या. ताटात मांसाचा चांगला तुकडा. एक कप उचलायला गेली तरी वहिनी धावत यायची, “बसा हो, वन्सं, तुम्ही बसा!” चार वर्षांत सासरी कुणी “बस” म्हटलं नव्हतं. पोरीचा जीव निवत चालला होता.

कुबात, तिचा नवरा, रोज व्हिडिओ कॉल करायचा. रोज चित्र अडकायचं. “ऐकू येत नाहीये, इथलं नेट बेकार आहे,” म्हणून ती कट करायची. त्या भिकार नेटला ती मनातल्या मनात दुवा द्यायची.

कुणाला न सांगता तिने गावातल्या इंटरनेटच्या ऑफिसात अर्ज टाकला होता. नोकरी मिळाली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. बाबांच्या तोंडून “राहा” एवढा एक शब्द यायचा बाकी होता, आणि बारा दिवस तो काही येत नव्हता. विचारायची तिची छाती होत नव्हती.

राऊटरला तिने घरातल्यांचे फोटो, कागद साठवायला एक डिस्क जोडली. घरातल्या प्रत्येकाला तिच्यात एकेक कप्पा. बाबा, तालांत, बुरूल. मग हळूच चौथा काढला, सैकाल. नोकरीचं पत्र त्यात टाकलं.

“काय मग बाबा, पहिला कोण? तुम्हीच ना?”

बाबांनी दाढी चाचपली. “तू. तुझा फोन सगळ्यात वर घाल.”

“आणि तुमची मॅच?”

“राहू दे. बोकड मेलेलंच असतं, ते कुठे पळतंय!”

वहिनी खळखळून हसली. सैकालला हसता येईना. पहिलं नाव! हेच तर ऐकायचं होतं. तिने आपला फोन यादीत सगळ्यात वर चढवला. मग लॅपटॉप बाबांपुढे सरकवला. त्यांनी चष्मा लावला, एकेक कप्पा बोटाने मोजला. चौथ्यावर बोट थांबलं.

“हा कशाला?”

“माझा. माझी कागदपत्रं... राहतील इथे.”

“पाहुण्याला कप्पा कशाला लागतो गं?” बाबा मायेनेच म्हणाले. “काढून टाक.”

“पाहुणी?”

“मग? दिलेली लेक बापाच्या घरी पाहुणीच. पाहुण्याचा मान पहिला, म्हणून तर वर घातलं तुला.” ते खिडकीकडे पाहत होते. “कुबात रोज फोन करतो, रोज तुटतो. तुमचं बोलणंच होत नाही धड. म्हणून तर हे खोकं आणलं. तीन वाजता करील तो. रविवारी न्यायला येतोय.”

“बाबा, तुम्ही हात पाहिलात ना माझा?”

“पाहिला.” म्हाताऱ्याने कप उचलून तोंडाला लावला. त्यात चहा नव्हता. “बोललोय मी त्याच्याशी. संसार आहे, पोरी.”

मानाची जागा, जाड गाद्या, चांगला तुकडा. बारा दिवस ती या सगळ्याला घर समजत होती. तिने कप्पा पुसला, पत्रासकट. मग समोरचे कप गोळा करायला लागली. निदान एक तरी विसळू दे या घरातला. वहिनीने ते तिच्या हातातून काढून घेतले. “बसा हो, वन्सं,” ती म्हणाली. या खेपेला तिचेच डोळे भरले होते.

तीनला फोन वाजला. कुबातचा चेहरा लख्ख आला, मिशीचा केस न् केस दिसावा इतका.

“सैकाल? ऐकतेस ना?”

“ऐकू येत नाहीये,” ती म्हणाली. “इथलं नेट...”

बाबा तिच्या खांद्यावरून वाकले. कितीतरी दिवसांनी ते मनापासून खूश झाले होते.

“अगं, येतंय की! काय सुरेख येतंय! बघ, एकदासुद्धा तुटलं नाही.”