फेट्याची दोन टोकं

उपनगरातला ओढा म्हणजे दोन लोकसभा मतदारसंघांची हद्द. अलीकडचे खासदार म्हणत, पूल पलीकडच्यांनी बांधावा. पलीकडचे म्हणत, अलीकडच्यांनी. शालूबाईची गरोदर लेक पलीकडे, दवाखाना अलीकडे. निवडणूक तोंडावर येताच शालूबाईने दोन्ही खासदारांना एकाच वेळी सत्काराला बोलावलं. सत्काराला कोण नाही म्हणतो? आपापल्या काठावर, ओढ्याला पाठ करून दोघे ऐटीत उभे. अलीकडे शालूबाईच्या नवऱ्याने फेटा बांधला, पलीकडे जावयाने. हलग्या कडाडल्या. वळून बघतात तर फेटा एकच, शालूबाईने जोडून शिवलेला, ओढ्यावर ताणलेला! "आजी, हे काय?" अलीकडचे चमकले. "साहेब, एवढाच पूल पायजे. न्हाईतर सोडा फेटा सगळ्यांदेखत." गर्दीने शिट्ट्या मारल्या. फेट्याला हात कुणी लावेना. "निम्मा पूल माझा!" पलीकडचे ओरडले. "निम्मा माझा!" अलीकडचे. शालूबाई नवऱ्याला म्हणाली, "आवं, गाठ सोडू नगा. आदी नारळ फुटू दे."