चकाकी

काजव्यांचा सीझन तोंडावर आला, तशी गहिनीनाथने भंडारदऱ्याच्या काठावर आपली फायबरची बोट पालथी घातली. बुडाचं शेवाळ खरवडलं, बोट धुतली, वाळवली. दरवर्षी यानंतर त्याचा मुलगा करण बुडाला वॅक्स लावायचा आणि दोघं मिळून फडक्यानं घासून ते असं चमकवायचे, की त्यात तोंड दिसावं.

यंदा गहिनीनाथ एकटाच होता. त्यानं खिशातून काचपेपर काढला आणि ते गुळगुळीत बूड घासून खरबरीत करायला घेतलं.

चहा घेऊन आलेली टपरीवाली राहीबाई बघतच राहिली.

"आवं भाऊ, समदी चमक घालवली की! तुमच्या बोटीवर माशीबी घसरती म्हनायची लोकं."

"व्हय," तो म्हणाला. हात थांबला नाही. चहावर साय धरली.

"झालं ते लई वाईट झालं. पर त्यात बोटीचा काय दोष?"



"त्या दिशी बोट उलटली, तवा करण पोहत बोटीपर्यंत आल्ता, राहीबाई. बुडावर हातच ठरंना त्याचा."